पायाचं नख पुन्हा पुन्हा रुततंय? मुळावरच्या शस्त्रक्रियेची पायरीपायरीने माहिती

गेल्या पावसाळ्यात अकरावीतला एक मुलगा वडिलांबरोबर माझ्याकडे आला. एका पायात बूट, दुसऱ्या पायात अंगठ्याच्या जागी कापून मोकळी केलेली चप्पल, अंगठ्यावर कापसाचा बोळा. दीड वर्षात त्याचं नख तीन वेळा अख्खं काढून झालं होतं. वडील म्हणाले, "डॉक्टर, आता एकदाचं मुळासकट काढून टाका. पोरगं भरतीची तयारी करतंय, त्याला धावता येईना." वडिलांची मागणी बरोबर होती. तिन्ही वेळा नख गेलं होतं, पण मूळ मात्र जागच्या जागी राहिलं होतं.

मी जनरल सर्जन आहे. असे अंगठे ओपीडीत सतत येतात, आणि त्यातले बरेच जण आधी एकदा-दोनदा नख काढून आलेले असतात. वीस मिनिटांच्या कामासाठी माणसं वर्षानुवर्षं ठणका सोसतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून ही शस्त्रक्रिया नेमकी काय असते, ती कुणी करून घ्यावी, त्या दिवशी काय होतं आणि घरी आल्यावर काय करायचं, ते सगळं इथे लिहितो आहे.

अख्खं नख काढून का भागत नाही

आपल्याला दिसतं ते नख म्हणजे निर्जीव पत्रा. तो तयार होतो मागे, कातडीच्या घडीखाली. तिथे नखाचं मूळ असतं. नखाच्या बुडाशी जी पांढरी चंद्रकोर दिसते, ती या मुळाची पुढची कड. मुळाचा मोठा भाग घडीच्या आत लपलेला असतो आणि त्याचे दोन्ही कोपरे मागे आणि खाली, अंगठ्याच्या बाजूंना उतरलेले असतात. रुतणारी कड याच कोपऱ्यांतून येते.

नख उपटलं की ठणका त्याच दिवशी थांबतो. सूज उतरते, पू आटतो, रुग्ण खूश होतो. पण मूळ शाबूत असल्याने नवं नख येणारच, आणि ते तितक्याच रुंदीचं येणार. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नख यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. या काळात अंगठ्याच्या टोकाच्या मांसाला वरून दाबून ठेवणारं काही नसतं. चालताना जमिनीचा दाब खालून येतो आणि ते मांस वर उचललं जातं. नवं नख पुढे सरकत येतं तेव्हा त्याच्यासमोर मांसाची भिंत उभी असते. मग ते त्या भिंतीत घुसतं. सहा-आठ महिने बरं वाटून दुखणं परत उलटतं ते यामुळे. नुसतं नख काढलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हा त्रास पुन्हा होतो.

यावर उपाय असा: नखाची फक्त रुतणारी बाजू, साधारण तीन-चार मिलिमीटर रुंदीची पट्टी, काढायची आणि ती पट्टी ज्या कोपऱ्यातून उगवते तो मुळाचा कोपरा कायमचा निकामी करायचा. बाकीचं नख जागेवर राहतं आणि टोकाचं मांस दाबून धरतं. हे काम फिनॉल या रसायनाने केलं तर त्रास उलटण्याचं प्रमाण सहसा शंभरात पाचच्या आत राहतं. कॉक्रेन या संस्थेने २००५ आणि २०१२ मध्ये उपलब्ध चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही हाच कल दिसला: नख काढण्याला फिनॉलची जोड दिली की नख परत रुतण्याचं प्रमाण कमी होतं.

तेव्हा डॉक्टरांकडे गेलात की "नख काढाल का?" असं विचारू नका. "कडेचं नख काढून मुळाचा कोपराही जाळणार का?" असं विचारा.

आधी खात्री करा की हे रुतलेलं नखच आहे

अंगठ्याची बाजू लाल, सुजलेली, दाबली की जीव जातो, ही पहिली पायरी. पू किंवा लस वाहू लागली की दुसरी. नखाच्या कडेवर लालबुंद, ओलं, जरा धक्का लागला तरी रक्त येणारं मांस वाढलं की तिसरी. या मांसाला घाबरून काही जण कॅन्सरची शंका घेऊन येतात. बहुतेक वेळा ते टोचणाऱ्या नखाभोवती शरीराने तयार केलेलं मांस असतं आणि टोचणं थांबलं की आपोआप सुकतं.

मात्र काही गोष्टी याच्यासारख्या दिसतात. नखाखाली हाडाची गाठ वाढली असेल तर नख वर उचललं जातं आणि कड रुतते, तिथे एक्स-रे हवा. बुरशीने नख जाड आणि पिवळं पडलं असेल तर बुरशीचा इलाज वेगळा. नखाखाली किंवा कडेला काळा डाग पसरत असेल, जखम महिनोन् महिने भरतच नसेल, तर तुकडा तपासायला पाठवावाच लागतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही नखाभोवतीचं मांस असं वाढतं. तरुण रुग्णाला मी हे हमखास विचारतो, कारण चेहऱ्याच्या गोळीचा पायाशी संबंध असेल हे त्याच्या ध्यानीमनी नसतं.

शस्त्रक्रियेची वेळ कधी आली असं समजायचं

पहिल्यांदाच दुखत असेल आणि पू नसेल तर घाई नको. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवावा, बाजूचं मांस चिकटपट्टीने नखापासून ओढून लांब ठेवावं, पुढून रुंद चप्पल वापरावी. नखाचा कोपरा हलक्या हाताने उचलून त्याखाली कापसाची बारीक वात सरकवली की बऱ्याच जणांचं तेवढ्यावर निभावतं.

पण त्रास दुसऱ्या-तिसऱ्यांदा उलटला असेल, तिथे मांस वाढलं असेल, किंवा तीन-चार आठवडे हे सगळं नेमाने करूनही बूट घालता येत नसेल, तर आणखी वाट बघू नका. अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. काटा पायात असताना वरून कितीही औषध घेतलं तरी जखम भरत नाही, तसंच हे. लाली अंगठ्यापलीकडे पावलावर पसरली असेल किंवा ताप असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं. एरवी पू असतानाही शस्त्रक्रिया करता येते, आणि टोचणारी कड निघाली की पू आपोआप थांबतो.

घरगुती उपायांबद्दल कळकळीने सांगतो. बिब्बा लावू नका, त्याने कातडी भाजते. चुना लावू नका. आणि फिनॉल नाव ऐकून फरशीचं फिनाईल अंगठ्याला लावण्याचा विचार तर मनातही आणू नका. ते वेगळं मिश्रण आहे, आणि शुद्ध फिनॉलसुद्धा चुकीच्या जागी पडलं तर कातडी जाळतं. नखाच्या मधोमध खाच पाडली की कडा आत वळत नाहीत, ही समजूत घरोघरी आहे. नख मागून पुढे वाढतं, खाच भरायला ते बाजूंनी मध्ये सरकत नाही. त्या खाचेचा काहीच उपयोग नाही.

जाण्याआधी

एवढ्याशा कामाला पूर्ण भूल लागत नाही, उपाशी राहायचं नसतं, दाखल व्हायचं नसतं. पण डॉक्टरांना काही गोष्टी आपणहून सांगा: मधुमेह आहे का, चालताना पोटऱ्या भरून येतात का, तंबाखू-विडी किती, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, दाताच्या वेळी भुलीच्या इंजेक्शनने त्रास झाला होता का, गरोदरपण आहे का. गरोदरपणात फिनॉल टाळतात. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मधुमेहाबद्दल थोडं जास्त. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, म्हणजे हा प्रश्न घराघरातला आहे. मधुमेह आहे म्हणून ही शस्त्रक्रिया होतच नाही, असं नाही. खरा अडसर असतो तो पायाच्या रक्तपुरवठ्याचा. पावलाच्या वरची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी नीट लागते का, हे डॉक्टरांनी बोट ठेवून पाहिलं पाहिजे. पाहिलं नाही तर तुम्ही आठवण करा. नाडी लागत नसेल तर रक्तप्रवाह पाहणारी डॉप्लर तपासणी आधी, नख नंतर. रक्त पोचत नसलेल्या अंगठ्यावर केलेली बारीकशी जखमही काळी पडू शकते. तळव्याची संवेदना गेली असेल आणि साखर बरीच वाढलेली असेल तर तीही आधी आटोक्यात आणावी.

तारीख ठरवताना पुढचे चार ते सहा आठवडे नजरेसमोर ठेवा. आळंदी किंवा देहूहून पंढरपूरपर्यंत पायी वारी करायची असेल तर निदान दीड-दोन महिने आधी करून घ्या. भरतीच्या मैदानी चाचणीलाही हाच हिशेब लावा. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहणाऱ्यांनी तर एक तर त्याआधी करावं, नाहीतर लावणी उरकल्यावर.

त्या दिवशी पाय साबणाने धुऊन, नेलपॉलिश काढून, पुढून उघडी सैल चप्पल घालून या. सोबत एक माणूस हवा. परतताना गाडी तुम्ही चालवायची नाही.

टेबलावर काय होतं

सगळ्यात जास्त दुखतं ते भुलीचं इंजेक्शन, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बारीक सुईने लिग्नोकेन देतात. औषध सावकाश सोडलं तर जळजळ कमी होते. मग पाच ते दहा मिनिटं थांबायचं. हे थांबणं फार महत्त्वाचं. डॉक्टर चिमट्याने दाबून विचारतील. "दाब कळतोय पण दुखत नाही" असं वाटलं तरच होकार द्या. दुखत असेल तर सहन करत बसू नका, स्पष्ट सांगा. भूल वाढवता येते.

नंतर अंगठ्याच्या बुडाशी रबराची पट्टी घट्ट बसवतात, म्हणजे रक्त थांबतं. ही नुसती सोय नाही. रक्त मिसळलं की फिनॉल पातळ होतं आणि त्याचा जोर जातो. जागा कोरडी नसेल तर मूळ अर्धवट जळतं आणि पुढे नखाचा काटा परत उगवतो.

आता नखाची कड खालच्या मांसापासून आणि वरच्या घडीपासून सोडवतात. कात्रीने किंवा नखाच्या पात्याने टोकापासून थेट घडीच्या आतपर्यंत सरळ रेषेत नख चिरतात. मग ती पट्टी चिमट्यात धरून हळूहळू फिरवत बाहेर काढतात. त्या अकरावीतल्या मुलाला मी ती पट्टी गॉजवर ठेवून दाखवली. पुढच्या टोकाला माशाच्या गळासारखा एक काटा होता, चार-पाच मिलिमीटरचा, मांसात रुतून पांढरा पडलेला. नख कापताना कोपरा खोल गोल कापायचा आणि नेलकटर पोचत नाही तिथे एक तुसासारखा तुकडा मागे राहायचा. तोच पुढे वाढून आत शिरला होता. मुलगा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. वडिलांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्याशा कुसळाने दीड वर्ष खाल्लं."

पट्टी निघाली की तिचं मागचं टोक पाहायचं. ते पातळ, मऊ, अखंड असलं म्हणजे मुळापर्यंतचं नख निघालं. तुटून खडबडीत आलं असेल तर आत तुकडा राहिलेला असतो आणि तो शोधावा लागतो. वाढलेलं लाल मांस असेल तर तेही खरवडून घेतात.

यानंतर फिनॉल. आजूबाजूच्या कातडीला व्हॅसलिन लावून ती झाकायची, बारीक काडीच्या टोकाला अगदी थोडा कापूस गुंडाळायचा, तो साधारण ८० ते ९० टक्क्यांच्या फिनॉलमध्ये बुडवून निथळायचा आणि घडीखालच्या त्या कोपऱ्यात घासत फिरवायचा. सहसा एकेक मिनिटाच्या दोन-तीन खेपा होतात, दर खेपेला काडी नवी. जागा पांढरट राखाडी पडते. खोलीत जुन्या इस्पितळाचा वास पसरतो, आणि तो वास खरंच जुना आहे. हेच ते कार्बोलिक ॲसिड. १८६५ मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरने याच द्रवात भिजवलेलं कापड एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर ठेवलं आणि शस्त्रक्रियेचं जग बदललं. नखाच्या मुळासाठी त्याचा वापर ऑटो बोल यांनी १९४५ मध्ये मांडला. फिनॉलने मज्जातंतूंची टोकंही बधिर होतात, म्हणून या पद्धतीत नंतरचं दुखणं कापून टाके घालण्यापेक्षा कमी असतं.

शेवटी स्पिरिटने जागा धुतात, रबराची पट्टी काढतात, अंगठा गुलाबी होतो का ते पाहतात आणि जाड ड्रेसिंग बांधतात. पट्टी काढली ना, हे तुम्हीही विचारा. ड्रेसिंगखाली विसरलेल्या रबरामुळे बोट गमावल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, आणि तो एक प्रश्न विचारायला काही लागत नाही.

दुसऱ्या पद्धती

फिनॉल नसेल तिथे दहा टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, विजेचं दहन किंवा लेझर वापरतात. हेतू तोच. विनोग्राड यांची १९२९ची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी होते. तिच्यात नखाची कड, खालचं मांस आणि मूळ पाचरीसारखं कापून टाके घालतात. अनुभवी हातात ती चांगली आहे, पण दुखतं जास्त आणि मूळ पूर्ण निघालं का, हे नुसत्या नजरेवर अवलंबून राहतं. १९५९मध्ये वॅन्डनबॉस आणि बॉवर्स यांनी उलटा विचार मांडला: नखाला हात लावायचा नाही, बाजूचं वाढलेलं मांसच भरपूर कापायचं. दोन्ही बाजूंना मांसाचे मोठे उंचवटे असतील तर ती उपयोगी पडते, मात्र जखम उघडी ठेवून भरू द्यावी लागते आणि कित्येक आठवडे जातात. झाडिक यांची १९५० ची पद्धत म्हणजे अख्खं मूळच काढणं, पुन्हा नख कधीच न येणं. अतिशय जाड, वेडंवाकडं झालेल्या म्हातारपणच्या नखासाठी ती ठीक. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला ती सुचवली गेली तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

घरी आल्यावर

पहिला दिवस पाय उशीवर उंच ठेवून काढायचा. भूल दोन-तीन तासांत उतरते. ठणका सुरू व्हायच्या आधीच पॅरासिटामॉल घेतलेली बरी. ड्रेसिंगवर थोडं रक्त दिसेल, त्याने घाबरू नका.

पहिलं ड्रेसिंग चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी बदलतात. ते चिकटलेलं असतं, ओढून काढू नका. कोमट मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरभर पाण्याला एक चमचा मीठ, पाय दहा मिनिटं ठेवला की अलगद सुटतं. मधुमेहात तळव्याला गरम कळत नाही, तेव्हा पाणी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कोपराने तपासून घ्या आणि पाय जास्त वेळ बुडवून ठेवू नका. मग जागा टिपून कोरडी करायची आणि न चिकटणारी जाळी किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलेला गॉज ठेवून सैल पट्टी बांधायची. रोज एकदा, पाणी येणं थांबेपर्यंत.

हे पाणी लोकांना सगळ्यात जास्त घाबरवतं. फिनॉलनंतर दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडेसुद्धा, पिवळसर लस येत राहते. ही रसायनाने झालेली भाजल्याची जखम आहे आणि ती अशीच भरते. लस पातळ असेल, वास नसेल आणि दुखणं दिवसागणिक कमी होत असेल, तर सगळं ठीक चाललं आहे. अँटिबायोटिक मागायला धावू नका.

बसून करायचं काम दोन-तीन दिवसांत सुरू करता येतं. शाळा-कॉलेजही, चप्पल घालून. त्यासाठी शाळेला चिठ्ठी लागली तर डॉक्टरांकडून घ्या, पोराला काळ्या बुटात कोंबू नका. धावणं, फुटबॉल, पोहणं किमान दोन आठवडे बंद, आणि त्यानंतरही जखम कोरडी झाल्यावरच.

त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं ते अशा वेळी: दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर उलट वाढत असेल, लाली पावलाकडे सरकत असेल, घट्ट आणि वास येणारा पू असेल, ताप किंवा जांघेत गाठ आली असेल, दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही रक्त थांबत नसेल. अंगठा निळा किंवा काळपट पडला, किंवा पाच-सहा तासांनंतरही पूर्ण बधिर आणि थंड असला, तर सकाळची वाट पाहू नका.

पुढचे सहा महिने

नख आता कायमचं थोडं अरुंद दिसेल. हे आधीच सांगितलेलं बरं, विशेषतः मुलींना आणि त्यांच्या आयांना. जखम भरल्यावर नवी कड गुळगुळीत दिसते आणि सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

तीन आणि सहा महिन्यांनी अंगठा उजेडात धरून घडीच्या कोपऱ्यात नीट पाहा. मूळ कुठे राहून गेलं असेल तर तिथे केसाएवढा नखाचा काटा डोकावतो. तो दिसला म्हणजे सगळं फुकट गेलं असं नाही. तेवढ्याच जागी पुन्हा भूल देऊन तो काढता येतो आणि पुन्हा फिनॉल लावता येतं.

दुसऱ्या पायाचं नख याच चुकीने रुतायची वाट बघत असतं, त्यामुळे नख कापण्याची पद्धत आजपासूनच बदला. आंघोळीनंतर नख मऊ असताना आडवं सरळ कापायचं, टोकाच्या मांसाच्या रेषेत ठेवायचं, कोपरे खोल कापायचे नाहीत, फक्त घासायचे. बूट संध्याकाळी घ्या, त्या वेळी पाऊल थोडं सुजलेलं असतं. उभं राहून पाहा, सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. शाळेचे बूट "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून फार मोठे घेतले तर पाय पुढे सरकून अंगठा दर पावलाला टोकावर आदळतो, आणि गेल्या वर्षीचेच चालवले तर अंगठा दाबला जातो. पावसाळ्यात ओले मोजे दिवसभर पायात राहिले की बोटांत चिखल्या होतात आणि नखाकडेची कातडीही भिजून मऊ पडते. मऊ कातडीत नख लवकर शिरतं. दप्तरात कोरड्या मोज्यांचा एक जोड असू द्या.

तो मुलगा पाच आठवड्यांनी बूट घालून आला. दुसऱ्या पायाचा अंगठाही दाखवायला सांगितला. तिथे कोपऱ्यात किंचित लाली होती. नख त्याने सहा आठवडे कापलंच नव्हतं, भीतीने. मी त्याला टेबलावर बसवलं, कोपऱ्याखाली कापसाची वात सरकवून दाखवली आणि मग नेलकटर त्याच्याच हातात दिलं. वडील शेजारी उभे राहून बघत होते. पोराने नख आडवं, सरळ कापलं.